खानेसुमारीची रात्र आणि पाद्र्याचें घर

चांदा जिल्ह्यांतील भांदक हें गांव आज भद्रावती या नांवानें ओळखलें जातें. भद्रनागाचें देऊळ, विजासनच्या टेकडींत खोदलेलीं बौद्ध लेणीं आणि आसपासच्या रानांत विखुरलेले मूर्तींचे अवशेष यांमुळें हा परिसर इतिहासाच्या अभ्यासकांस शंभराहून अधिक वर्षें ओढ लावीत आला आहे. जनरल अलेक्झांडर कनिंगहॅम हे १८७३ ते १८७५ या काळांत मध्यप्रांतांत हिंडले व त्या प्रवासाचा अहवाल १८७९ सालीं प्रसिद्ध झाला. ह्युएनत्संगानें वर्णिलेल्या महाकोसलाची राजधानी ती हीच असावी, असा तर्क त्यांनीं भांदकविषयीं केला. तो तर्क पुढें सर्वांस मान्य झाला असें नाहीं. परंतु त्या निमित्तानें येथील लेण्यांची, देवळांची व मूर्तींची नोंद कागदावर उतरली, आणि तो कागद आजही वाचावयास मिळतो.

त्याच सुमारास याच जिल्ह्यांत सरकार दुसरीही एक नोंद करीत होतें. ती दगडांची नव्हे, माणसांची. घराघरांतून माणसें मोजलीं गेलीं, त्यांचीं नांवें, वयें, धर्म, जाती व धंदे लिहिले गेले. पण लेण्यांतील मूर्तीचें वर्णन राहिलें आणि लेण्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या माणसाचें नांव मात्र राहिलें नाहीं. असें कां व्हावें, आणि त्यामुळें काय हरपलें, हें एका विशिष्ट प्रकारच्या घराकडे पाहिलें असतां फार स्पष्ट दिसतें. तें घर म्हणजे पाद्र्याचें घर.

खानेसुमारी या शब्दाचा अर्थच घरांची मोजणी असा आहे. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजदाद. मध्यप्रांत हा स्वतंत्र प्रांत १८६१ सालीं निर्माण झाला आणि नागपूरकर भोसल्यांच्या राज्याबरोबर इंग्रजांकडे आलेला चांदा हा त्यांतील एक जिल्हा झाला. त्या प्रांतांत माणसांची पहिली पद्धतशीर मोजदाद १८६६ च्या नोव्हेंबरांत झाली, दुसरी १८७२ सालीं. पुढें १७ फेब्रुवारी १८८१ या दिवशीं साऱ्या हिंदुस्थानची मोजदाद एकाच वेळीं करण्यांत आली, आणि त्यानंतर २६ फेब्रुवारी १८९१ व १ मार्च १९०१ या तारखांस तोच क्रम चालला.

या कामाची तयारी महिनेच्या महिने चाले. आधीं घरांना क्रमांक पडत. गेरूनें किंवा चुन्यानें दारावर आंकडा काढला जाई. पटवारी, शाळामास्तर आणि गांवांतील जो कोणी लिहिणारा असेल तो, असे गणतीदार नेमले जात. ते प्रथम एक फेरी करून घरांतील माणसें तक्त्यांत उतरून घेत. मग ठरलेल्या रात्रीं पुन्हा दारोदार जाऊन, मध्यंतरीं जो मेला त्याचें नांव खोडीत व जो जन्मला किंवा पाहुणा म्हणून आला त्याचें नांव घालीत. जेथें रात्रीं फिरणें धोक्याचें, अशा रानमुलखांत दिवसाउजेडीं मोजण्याची मुभा असे. चांदा जिल्ह्याच्या पूर्वेकडील जंगल ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या सवलतीचें कारण सांगावें लागणार नाहीं.

तक्त्यांत नांव, धर्म, स्त्री कीं पुरुष, विवाहित कीं अविवाहित कीं विधुर अथवा विधवा, वय, जात, मातृभाषा, जन्मस्थान, धंदा, अक्षरओळख असे रकाने असत. एक सूचना मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. घरच्या बाईचें नांव परक्या माणसास सांगण्याचा संकोच सर्वत्र होता; म्हणून नांव न सांगितल्यास त्या जागीं नुसतें ‘स्त्री’ असें लिहावें, अशी गणतीदारांस परवानगी असे. म्हणजे कित्येक बायका नाहींशा होण्यापूर्वींच निनांवी झालेल्या होत्या.

पुढें तक्ते कचेरींत जात. १८८१ व १८९१ या सालीं कारकून एकेक तक्ता वाचून मोठ्या कागदावर दर माणसामागें एकेक रेघ ओढीत आणि रेघांची बेरीज करीत. १९०१ सालीं ही रीत बदलली. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी लिहावयाची, निरनिराळ्या धर्मांस निरनिराळ्या रंगांच्या चिठ्ठ्या ठेवावयाच्या, आणि मग त्या खणाखणांतून वांटून मोजावयाच्या, अशी पद्धत आली. बेरजा छापून झाल्या म्हणजे तक्ते आणि चिठ्ठ्या यांचें काम संपलें असें समजत आणि ते कागद नष्ट करीत. एवढा प्रचंड कागद ठेवावयाचा कोठें, हा व्यवहाराचा प्रश्न होता. सरकारास हवी होती ती बेरीज. तेव्हां जी घरांची मोजणी म्हणून आरंभली, तींत शेवटीं घरच उरलें नाहीं. उरला तो जिल्हा, तहसील आणि धर्मवार आंकडा.

या बेरजा निरुपयोगी होत्या असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. चांदा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ सालीं सात लाखांच्या जवळ पोंचली होती. १९०१ सालीं ती सहा लाखांच्या आसपास उतरली. मध्यें १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ होऊन गेले होते. हा ऱ्हास कोणत्याही कवीच्या विलापापेक्षां त्या दोन आंकड्यांतील वजाबाकी अधिक कठोरपणें सांगते. किती माणसें कमी झालीं तें खानेसुमारी सांगते. कोणतीं, हें ती सांगूं शकत नाहीं.

इंग्लंडांत या बाबतींत निराळेंच घडलें. तेथील पहिली खानेसुमारी १८०१ सालीं झाली, तेव्हां खुद्द पाद्रीच तिचा एक आधार होता. मागील वर्षांचे बाप्तिस्मे, लग्नें आणि दफनें यांचे आंकडे चर्चच्या वह्यांतून काढून देण्याचें काम त्याच्याकडे होतें. स्कॉटलंडांत माणसें मोजण्याचें काम गांवच्या शाळामास्तरांवर सोंपविण्यांत आलें. १८४१ पासून प्रत्येक माणसाचें नांव लिहिण्याची रीत सर्वत्र पडली, आणि १८५१ पासून घरच्या कर्त्याशीं त्याचें नातें काय व त्याचा जन्म कोठें झाला, हेंही लिहिलें जाऊं लागलें. विशेष हा कीं, गणतीदारांच्या या वह्या तेथें जपून ठेवल्या गेल्या. शंभर वर्षें त्या बंद ठेवावयाच्या आणि मग लोकांस खुल्या करावयाच्या, असा शिरस्ता पडला. १९२१ सालची खानेसुमारी अशी २०२२ च्या जानेवारींत खुली झाली.

त्या वह्यांत पाद्र्याचें घर कसें दिसतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण यॉर्कशायरमधील हॉवर्थ गांवचें आहे. पॅट्रिक ब्राँटे हे त्या गांवचे पाद्री. शार्लट, एमिली आणि ॲन या त्यांच्या तीन मुलींनीं लिहिलेल्या कादंबऱ्या इंग्रजी वाङ्मयांत अजरामर झाल्या आहेत. १८४१ च्या जून महिन्यांत खानेसुमारी झाली तेव्हां त्यांचीं चार अपत्यें जिवंत होतीं. पण शार्लट व ॲन परक्या घरीं मुलांस शिकविण्याची नोकरी करीत होत्या आणि मुलगा ब्रॅनवेल रेल्वेंत नोकरीस होता. घरीं होती ती एकटी एमिली. तेव्हां त्या रात्रीच्या वहींत पाद्रीबुवा, त्यांची वडील मेव्हणी, एमिली आणि एक मोलकरीण एवढेंच कुटुंब. पुढें १८६१ सालची खानेसुमारी पाहावी, तर चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा बाप, जांवई आर्थर बेल निकल्स आणि नोकरमाणसें. साही मुलें बापाआधीं गेलेलीं. मेलेल्यांसाठीं तक्त्यांत रकाना नसतो.

यावरून खानेसुमारीचा स्वभाव कळतो. ती कुटुंब मोजीत नाहीं. एका रात्रीं एका छपराखालीं कोण निजलें तें मोजते. शेतकऱ्याच्या घरीं या दोन गोष्टी बहुधा एकच असतात. पाद्र्याच्या घरीं त्या क्वचितच एक असत. हॉवर्थच्या घराची फूट पोटापायीं आणि मरणापायीं पडलेली होती. हिंदुस्थानांत जे लोक ख्रिस्ती होऊन पुढें पाद्री झाले, त्यांच्या घराची फूट त्याहून खोल होती, कारण ती बाप्तिस्म्याच्या पाण्यानेंच पडलेली असे. याचें जें उदाहरण येथें सांगावयाचें, त्याचा संबंध चांद्याशीं येतो.

निळकंठशास्त्री गोऱ्हे हे कोंकणस्थ ब्राह्मण. त्यांचा जन्म १८२५ सालीं बुंदेलखंडांत, झांशीच्या बाजूस झाला आणि ते काशींत वाढले. न्याय, वेदांत आणि व्याकरण यांचें अध्ययन त्यांनीं काशीच्या पंडितांजवळ केलें. मिशनऱ्यांशीं वाद करून त्यांस निरुत्तर करावें या हेतूनें ते त्यांच्याकडे जाऊं लागले, आणि त्या वादांतूनच स्वतःच्या मनांत संशय उत्पन्न होऊन १८४८ च्या मार्च महिन्यांत जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेव्हांपासून ते नेहेम्या गोऱ्हे झाले. षड्दर्शनांचें खंडन करणारा त्यांचा हिंदी ग्रंथ १८६२ सालीं इंग्रजींत भाषांतरित होऊन निघाला. १८७० सालीं कलकत्त्याचे बिशप मिलमन यांनीं त्यांस पुरोहितपदाची दीक्षा दिली. स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचें मिशन चांद्यास उभें राहिलें, त्याच्या आरंभींच्या काळांत गोऱ्हे यांनीं तेथें काम केलें. गोंड राजांनीं बांधलेल्या कोटाच्या त्या शहरांत काशीचा एक मराठी पंडित ख्रिस्ती पाद्री होऊन आला, ही गोष्ट त्या काळीं सामान्य नव्हती.

आतां या माणसाचें घर शोधूं गेल्यास काय सांपडतें? त्यांची पत्नी लक्ष्मीबाई १८५३ सालीं काशीस एका मुलीस जन्म देऊन लवकरच निवर्तली. मुलीचें नांव ठेवलें एलन लक्ष्मी. पुढच्याच वर्षीं गोऱ्हे हे महाराजा दुलीपसिंग यांच्यासमवेत इंग्लंडास गेले. आई नाहीं, बाप परदेशीं, आणि बाप्तिस्म्यामुळें आजोळ व घराणें दोन्हीं तुटलेलीं, अशी ती मुलगी एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज कुटुंबानें सांभाळली. १८५७ च्या धामधुमींत त्या कुटुंबाचें सर्वस्व गेलें. मग स्टॉर्स नांवाच्या मिशनरी पाद्र्यानें व त्याच्या पत्नीनें तिला आपल्या मुलांबरोबर वाढविलें आणि १८६५ सालीं ते तिला घेऊन इंग्लंडास गेले. तेव्हां ती अकरा-बारा वर्षांची होती. तेथून ती परतली ती १८८० सालीं.

म्हणजे २ एप्रिल १८७१ या रात्रीं जेव्हां इंग्लंडची खानेसुमारी झाली, तेव्हां नेहेम्या गोऱ्हे यांची सतरा वर्षांची मुलगी त्या देशांत होती आणि तेथील तक्त्याचे रकाने तिलाही लागू होते. त्या रकान्यांकडे पाहावें. पहिला नांवाचा. दुसरा घरच्या कर्त्याशीं असलेल्या नात्याचा. दत्तक म्हणावें, तर इंग्लंडच्या कायद्यांत तोंपर्यंत दत्तकच नव्हता. तो १९२६ सालच्या कायद्यानें आला. ज्या घरांत ती मुलीसारखी वाढली त्या घरांत तिचें नातें मुलगी, पाहुणी कीं बिऱ्हाडकरू, हें ठरविणें सर्वस्वीं घरमालकाच्या मनावर होतें. आणखी एक रकाना जन्मस्थानाचा. परदेशीं जन्मलेल्याचा देश तेवढा तेथें लिहावयाचा. धर्माचा रकाना इंग्लंडच्या तक्त्यांत नव्हताच. तो प्रथम २००१ सालीं आला. मातृभाषेचाही नव्हता. तिचें सारें आयुष्य ज्या एका गोष्टीनें फिरवून टाकलें, ती धर्मांतराची गोष्ट तेथें लिहावयास जागा नव्हती, आणि जी भाषा बोलणारी आई तिला आठवणेंही शक्य नव्हतें, त्या भाषेलाही नव्हती.

इकडे बापाची स्थिति उलट होती. हिंदुस्थानच्या तक्त्यांत धर्म होता, जात होती, मातृभाषा होती, जन्मस्थान होतें. मराठी मातृभाषेच्या, बुंदेलखंडांत जन्मलेल्या, ख्रिस्ती धर्माच्या विधुराचें बरेंचसें चित्र त्या रकान्यांतून उभें राहिलें असतें. पण विधुर या एका शब्दापलीकडे पत्नीचें नांव नाहीं, आणि समुद्रापार वाढणाऱ्या मुलीस तर रकानाच नाहीं. कारण ती त्या रात्रीं त्या छपराखालीं नव्हती. इंग्लंडचा तक्ता मुलीचें नांव राखी, पण तिचा बाप कोण हें न विचारी. हिंदुस्थानचा तक्ता बापाचा धर्म विचारी, पण त्याचें नांव न राखी. दोन तक्ते शेजारीं शेजारीं ठेवले असते, तरीही त्यांतून एक घर जुळलें नसतें.

१८८० सालीं एलन लक्ष्मी हिंदुस्थानांत परत आली, तीही मिशनच्या कामासाठीं, आणि पंजाबांत अमृतसर येथें राहूं लागली. लगेच १७ फेब्रुवारी १८८१ ची रात्र आली. त्या रात्रीं बाप आणि मुलगी कित्येक वर्षांनीं प्रथम एकाच खानेसुमारींत मोजलीं गेलीं. परंतु आतां दोघेही ज्या देशांत होतीं, तेथें नांवें राहत नव्हतीं. बाप एका प्रांताच्या ख्रिस्ती पुरुषांत एक रेघ, मुलगी दुसऱ्या प्रांताच्या ख्रिस्ती स्त्रियांत एक रेघ. पुढें ती अलाहाबादेस अनाथ मुलींच्या एका गृहाची प्रमुख झाली. जिला लहानपणीं दोन परक्या घरांनीं सांभाळलें, तिनें पोरक्या मुलींस सांभाळण्यांत आयुष्य वेंचलें. तिनें रचलेलीं इंग्रजी भक्तिगीतें इंग्लंड-अमेरिकेंतील प्रार्थनामंदिरांतून गाइलीं गेलीं.

गोऱ्हे यांनीं पुन्हा संसार मांडला नाहीं. १८७६ नंतर कांहीं काळ ते ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त पाद्र्यांच्या संघांत उमेदवार म्हणून राहिले, पण शेवटची शपथ त्यांनीं घेतली नाहीं. काशीच्या वळणाचा साधेपणा त्यांनीं ख्रिस्ती झाल्यावरही सोडला नाहीं. पंडिता रमाबाई ख्रिस्ती धर्माकडे वळल्या, त्यांत त्यांच्या लेखनाचा व संवादाचा वांटा होता. २९ ऑक्टोबर १८९५ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

त्याच १८९५ सालच्या फेब्रुवारींत मुंबईस आणखी एका ब्राह्मणाचा बाप्तिस्मा झाला होता. ते नारायण वामन टिळक. टिळकांचा कांहीं काळ नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें गेला होता, आणि नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत भेटलेल्या एका गृहस्थानें दिलेलें बायबल त्यांच्या धर्मांतराचें निमित्त ठरलें, असें ते सांगत. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळीं ख्रिस्ती झाली नाहीं. ती प्रथम नवऱ्यापासून दूर राहिली. पुढें त्याच्याजवळ येऊनही कित्येक दिवस स्वतःचें सोंवळें सांभाळून राहिली. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदु, आणि मुलगा दोघांच्या मध्यें. १९०० सालीं राहुरी येथें तिनें स्वखुशीनें बाप्तिस्मा घेतला. टिळकांस पाद्रीपदाची दीक्षा मिळाली ती १९०४ सालीं.

आतां खानेसुमारीच्या तारखा पुन्हा आठवाव्या. १८९१ च्या फेब्रुवारींत टिळक पतिपत्नी दोघेही हिंदु. १९०१ च्या मार्चमध्यें दोघेही ख्रिस्ती. मधलीं पांच वर्षें, ज्यांत एका घराच्या दोन चुली झाल्या, ज्यांत एका अल्पशिक्षित बाईनें जातीचा अर्थ, स्पर्शास्पर्शाचा अर्थ आणि नवऱ्याच्या श्रद्धेचा अर्थ स्वतःच्या मनाशीं लावून पाहिला, तीं पांचही वर्षें दोन खानेसुमाऱ्यांच्या मधोमध पडलीं. सरकारी आंकड्यांच्या दृष्टीनें हिंदूंमधून दोघे कमी झाले आणि ख्रिस्त्यांत दोघे वाढले, इतकेंच. नवऱ्यापाठोपाठ बायको गेली असें तो आंकडा सुचवितो, आणि तें खरें नाहीं. ती त्याच्यापाठोपाठ गेली नव्हती. पांच वर्षें अडून राहून, स्वतःच्या पायांनीं, स्वतःच्या वेळीं गेली होती. हा भेद केवढा मोठा आहे, तें स्मृतिचित्रें हें तिचें आत्मचरित्र वाचल्यावांचून कळणार नाहीं. तें १९३४ पासून भागांनीं प्रसिद्ध झालें. तक्त्यांत जिच्या नांवाऐवजीं नुसतें ‘स्त्री’ लिहिण्यास मुभा होती, त्या वर्गांतील एका बाईनें आपलें नांव मराठी वाङ्मयांत कायमचें लिहून ठेवलें, आणि त्याबरोबर त्या घराचा सारा तक्ताही.

तेव्हां एकोणिसाव्या शतकांतील मराठी पाद्र्याचें घर ज्यास शोधावयाचें असेल, त्यानें खानेसुमारीच्या अहवालांकडे जावें तें परिसर समजून घेण्यासाठीं. जिल्ह्यांत ख्रिस्ती किती, शिकलेले किती, दुष्काळांत माणसें किती घटलीं, हें तेथेंच मिळेल. माणूस हवा असेल तर इतर कागद पाहावे लागतात. चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या हा त्यांतील पहिला आधार. कंपनीच्या काळापासून त्यांच्या नकला लंडनला पाठविल्या जात, आणि त्या आज तेथील ब्रिटिश लायब्ररींत पाहावयास मिळतात. त्यांत मुलाबरोबर आईबापांचीं नांवें येतात, म्हणजे घर आडवें न दिसतां उभें दिसतें. दुसरा आधार मिशनांचे वार्षिक अहवाल आणि पाद्र्यांचीं पत्रें. गोऱ्हे यांचें इंग्रजी चरित्र त्यांच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं, १९०० सालीं, काउलीच्याच एका पाद्र्यानें लिहिलें. तिसरा आधार आत्मचरित्रें, आणि चौथा दफनभूमींतील शिळा. भांदकच्या शिलालेखांकडे ज्या आदरानें पाहिलें जातें, त्या आदराचा थोडा अंश या साध्या कबरींच्या दगडांनाही मिळावयास हरकत नाहीं. त्यांवर निदान नांव असतें.

स्वतंत्र हिंदुस्थानांत खानेसुमारीचा कायदा १९४८ सालीं झाला. त्याच्या पंधराव्या कलमान्वयें गणतीचे मूळ कागद पाहण्याचा हक्क कोणासही नाहीं. घरची गोष्ट सरकारास निर्भयपणें सांगतां यावी आणि ती दुसऱ्याच्या हातीं लागूं नये, हा त्यामागील हेतु आहे, आणि तो योग्यच आहे. ज्या देशांत धर्म आणि जात यांचें उत्तर देणें कित्येकांस सोपें नव्हतें, तेथें ही हमी फार मोलाची. पण तिचा दुसरा अर्थ असा कीं, घराची आठवण ठेवण्याचें काम सरकार करणार नाहीं. तें घरानेंच केलें पाहिजे. आजोबांचें गांव, आजीचें माहेरचें नांव, कोण कोणाकडे वाढलें, कोण कां निघून गेलें, हे रकाने ज्या त्या कुटुंबानें आपल्या वहींत स्वतः भरून ठेवावयाचे असतात. चर्चची वही नसलेल्या लाखों घरांना तर दुसरा आधारच नाहीं. भद्रावतीच्या परिसरांतील गोंड, कोळी, कुणबी वा महार कुटुंबांचे १८८१ सालचे तक्तेही त्या पाद्र्यांच्या तक्त्यांबरोबरच नष्ट झाले. फरक इतकाच कीं, त्यांच्यामागें चरित्र लिहिणारा कोणी नव्हता.

गोऱ्हे कुटुंब कधीं एका छपराखालीं नांदलेंच नाहीं म्हटलें तरी चालेल. आई काशीस गेली, बाप चांद्यापासून काउलीपर्यंत हिंडला, मुलगी परक्या देशांत वाढली. त्या तिघांचें घर एकाच ठिकाणीं टिकून राहिलें, तें म्हणजे मुलीच्या नांवांत. इंग्रज घरांत वाढूनही तिनें आपलें नांव बदललें नाहीं. एलन हें बाप्तिस्म्याचें, लक्ष्मी हें आईचें, गोऱ्हे हें बापाचें. १९३७ सालीं तिचा अंत झाला, तोंपर्यंत ती एलन लक्ष्मी गोऱ्हे हीच राहिली. कोणत्याही खानेसुमारीनें त्या तिघांस एका ओळींत लिहिलें नाहीं. तिनें मात्र स्वतःची सही करतांना तें दरवेळीं लिहिलें.